गाठीभोवतीची रेघ

(हूरा, बहारीन इथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या घरच्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, त्यांच्याबद्दल फार बोलू नका, त्यांना ते आवडलं नसतं. दोन, ज्या आजाराने ते गेले त्याबद्दल लोकांना समजेल असं बोला. तेव्हा थेट विषयाला येते. आजार आहे लिव्हरचा कॅन्सर, आणि बोलायचंय त्याच्या एका उपचाराबद्दल. खरं म्हणजे त्या उपचाराच्या आधी काढल्या जाणाऱ्या एका चित्राबद्दल.

मी डॉक्टर नाही. मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६२ पासून रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम चालतो. भारतात आणि आखातात किरणोपचाराच्या विभागांमध्ये तुम्हाला जे आमच्यासारखे लोक दिसतात, त्यांतले बरेच जण त्या वाटेने आलेले असतात. रुग्णाला आम्ही सहसा भेटत नाही. डॉक्टर सीटीच्या चित्रावर गाठीभोवती एक रेघ आखतात आणि सांगतात, या रेघेच्या आत इतका डोस, बाहेर इतक्याहून जास्त नको. ते मशीनकडून कसं करून घ्यायचं, किरण कोणत्या दिशांनी सोडायचे, याचा हिशेब आम्ही करतो. हिशेब कितीही अचूक केला तरी रेघ चुकली असेल तर आमची सगळी अचूकता चुकीच्या जागी जाऊन पोचते. म्हणून मी आज रेघेबद्दल बोलणार आहे.

त्याआधी इथल्या श्रोत्यांसाठी एक वेगळी गोष्ट. या हॉलमध्ये नोकरीच्या व्हिसावर आलेले जितके लोक आहेत, त्या सगळ्यांच्या लिव्हरची चौकशी कुणीतरी एकदा केलेली आहे. आठवून पाहा. गामका मेडिकल, आता ज्याला वाफिद म्हणतात ते. छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी. त्या रक्तात हेपटायटिस बी आणि सी या दोन विषाणूंची तपासणी होते. तुम्ही ‘फिट’ ठरलात म्हणून आज इथे बसला आहात. तुमच्या रांगेत उभे असलेले काही जण ‘अनफिट’ ठरले आणि घरी गेले. मला त्यांची काळजी वाटते. एजंटने पासपोर्ट परत दिला, नोकरी हुकली, घरात दुखवट्यासारखं वातावरण झालं, आणि त्या गडबडीत ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचा पुढचा अर्थ कुणी समजावलाच नाही. हेपटायटिस बी, आपल्याकडे लोक ज्याला पांढरी कावीळ म्हणतात, तो वर्षानुवर्षं काहीही त्रास न देता अंगात राहू शकतो आणि मग एखाद्या दिवशी सिरॉसिस किंवा कॅन्सर म्हणून समोर येतो. व्हिसाची तपासणी ही गाळणी आहे. ज्याला गाळलं त्याच्या उपचाराची जबाबदारी तिच्यात धरलेली नाही. तुमच्या गावाकडे, नात्यात असा कुणी ‘अनफिट’ होऊन परत गेलेला असेल तर त्याला आज रात्री फोन करा. बी वर औषध आहे, ते विषाणू दाबून ठेवतं. सी तर आता बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांच्या अंगातून निघूनच जातो. ज्याला सिरॉसिस झालेला आहे त्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यायची असते.

तैवानने १९८४ साली नवजात बाळांना हेपटायटिस बी ची लस द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या दशकातच तिथल्या मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर कमी झाल्याचं आकड्यांत दिसलं. कॅन्सर रोखणारी पहिली लस म्हणतात ती हीच. भारतात ती देशभरच्या लसीकरणात २०११ च्या सुमाराला पोचली. म्हणजे आपल्या पिढीला ती मिळालेली नाही. आणि ज्यांच्या अंगात हे विषाणू नाहीत त्यांनीही फार निश्चिंत राहू नये. ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ हे शब्द इथल्या किती जणांच्या रिपोर्टवर आहेत, ते हात वर करून विचारत नाही. साखर, वजन, बसून काम, रात्री अकराला बिर्याणी. यातूनही काहींचं लिव्हर हळूहळू घट्ट होत जातं.

आता मूळ विषय.

लिव्हरच्या कॅन्सरला किरणोपचार देत नाहीत, असं अनेक वर्षं शिकवलं जाई. कारण असं नव्हतं की ती गाठ किरणांना दाद देत नाही. ती देते. पण तिच्याभोवतीचं लिव्हर सोसत नाही. १९६५ साली स्टॅनफर्डमधल्या डॉक्टरांनी पूर्ण लिव्हरला किरण दिलेल्या रुग्णांचा अभ्यास छापला. साधारण तीस-पस्तीस ग्रेच्या पुढे डोस गेला की काही आठवड्यांनी त्यांच्या पोटात पाणी भरू लागे, लिव्हर सुजे, गंमत म्हणजे डोळे पिवळे होत नसत, आणि काही जण त्यातच दगावत. ग्रे हे डोसचं एकक. गाठ मारायची तर पन्नासच्या आसपास किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणजे जे द्यायला हवं ते देता येत नव्हतं, आणि जे देता येत होतं त्याने काही साधत नव्हतं. शिवाय लिव्हरचा कॅन्सर बहुधा आधीच बिघडलेल्या लिव्हरमध्ये होतो. किडनी दोन असतात, फुप्फुसं दोन असतात. लिव्हर एकच, आणि तेही आधीच थकलेलं.

हे कोडं सुटायला लागलं ते ‘पूर्ण लिव्हर’ हा शब्दप्रयोग सोडल्यावर. मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी सीटीच्या मदतीने लिव्हरच्या कोणत्या भागाला किती डोस गेला ते घन सेंटीमीटरच्या हिशेबात मांडायला सुरुवात केली. त्यातून दिसलं, की लिव्हरच्या थोड्या भागाला भरपूर डोस गेला तरी चालतं, बाकीचा भाग काम सांभाळून घेतो. बाकीचा भाग पुरेसा हवा, इतकंच. २००२ मध्ये लॉरा डॉसन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दोनशेहून अधिक रुग्णांचं विश्लेषण छापलं: ज्यांच्या लिव्हरचा सरासरी डोस ३१ ग्रेच्या खाली राहिला होता, त्यांच्यात एकालाही किरणांमुळे होणारा तो आजार झालेला नव्हता. त्याआधीच दुसरीकडून, स्टॉकहोमच्या कारोलिन्स्कामधून एक कल्पना आली. तिथे इंगमार लाक्स आणि हेन्रिक ब्लोमग्रेन यांनी १९९० च्या दशकात, डोक्यातल्या गाठींसाठी वापरली जाणारी नेमकी, मोजक्या बैठकींत मोठा डोस देण्याची पद्धत पोटातल्या गाठींवर आणली. आज तिला एसबीआरटी म्हणतात. पंचवीस-तीस बैठकींऐवजी तीन किंवा पाच. इथे एक नियम फार वापरला जातो: तीन बैठकींच्या उपचारात निरोगी लिव्हरपैकी किमान ७०० घन सेंटीमीटर भागाला १५ ग्रेपेक्षा कमी डोस जायला हवा.

म्हणजे किरणोपचार लिव्हरवर चालू लागला तो किरणांचा जोर वाढवून नाही. किती भाग वाचवला याचा हिशेब ठेवता येऊ लागला म्हणून.

आता रेघेचं गणित करू. शाळेतलंच आहे, घाबरू नका. चार सेंटीमीटर व्यासाची गोल गाठ घ्या. तिचं घनफळ साधारण ३३ घन सेंटीमीटर. डॉक्टरांना कड नीट दिसत नाही म्हणून त्यांनी सगळीकडून अर्धा सेंटीमीटर जास्त घेतला. व्यास झाला पाच, घनफळ ६५. जवळजवळ दुप्पट. एक सेंटीमीटर जास्त घेतला तर व्यास सहा आणि घनफळ ११३. गाठ तीच, पण मोठा डोस घेणारा भाग तिपटीहून जास्त. ही वाढलेली जागा सगळी निरोगी लिव्हरची आहे, त्या ७०० मधून वजा होणारी. उलट बाजूने पाहा. रेघ आत आखली, गाठीचा एक कोपरा बाहेर राहिला, तर त्या कोपऱ्यातून कॅन्सर पुन्हा उगवतो आणि तोवर लिव्हरचा बराचसा कोटा खर्च झालेला असतो. इतर अवयवांतही रेघेला महत्त्व आहे, पण लिव्हरइतकी कडक शिक्षा मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

मग ही कड बघायची कशी? साध्या सीटीत लिव्हर आणि लिव्हरची गाठ दोन्ही करडी दिसतात. सिरॉसिसमध्ये तर सगळं लिव्हरच गाठीगाठींचं, खडबडीत झालेलं असतं. त्यातली कॅन्सरची गाठ कोणती हे अनुभवी नजरेलाही चटकन सांगता येत नाही. इथे लिव्हरच्या रक्तपुरवठ्याची एक गंमत कामाला येते. लिव्हरला रक्त दोन वाटांनी मिळतं. आतड्यातून अन्नरस घेऊन येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून साधारण तीन चतुर्थांश, आणि हृदयाकडून थेट येणाऱ्या धमनीतून उरलेलं. निरोगी लिव्हर मुख्यतः पहिल्या वाटेवर जगतं. कॅन्सरची गाठ मात्र वाढता वाढता धमनीवरून स्वतःची चोरटी नळजोडणी घेते, आणि तिचं जवळजवळ सगळं पाणी तिथूनच येतं.

चोर पकडायचा तर पाण्यात रंग टाकायचा आणि कोणत्या नळाला आधी येतो ते बघायचं. काँट्रास्ट इंजेक्शन म्हणजे तेच. हाताच्या शिरेत औषध दिलं की साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर ते धमनीतून लिव्हरमध्ये पोचतं. त्या काही सेकंदांत गाठ उजळते, आजूबाजूचं लिव्हर अजून फिकंच असतं. मिनिटभराने पोर्टल व्हेनमधलं औषध येऊन लिव्हर उजळतं, आणि गाठीतलं औषध तोवर वाहून गेल्यामुळे ती काळवंडते. आधी उजेड, मग अंधार. ही सही इतकी खात्रीची आहे की सिरॉसिसच्या किंवा जुन्या हेपटायटिस बी च्या रुग्णात ती नीट दिसली तर सुई घालून तुकडा न काढताही निदान करता येतं. कॅन्सरमध्ये बायोप्सीशिवाय उपचार सुरू करणं हे फार क्वचित घडतं; लिव्हर हा त्यातला ठळक अपवाद.

हे सगळं काँट्रास्ट सीटीनेही दिसतं, आणि बऱ्याच ठिकाणी त्यावरच काम चालतं. मग एमआरआय कशाला? एक कारण असं, की एमआरआय मऊ ऊतींमधला फरक जास्त बारकाईने दाखवतो. लहान गाठी, पोर्टल व्हेनमध्ये घुसलेल्या गाठीचं टोक, मोठीच्या शेजारी बसलेली छोटी, हे त्यात जास्त सापडतं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्यासाठी एका मूलद्रव्याला भेटायला हवं.

गॅडोलिनियम. १८८० मध्ये स्वित्झर्लंडच्या मारिन्याक यांनी शोधलं, फिनलंडच्या योहान गाडोलिन यांच्या नावाच्या खनिजावरून त्याला नाव मिळालं. त्याच्या आयनात सात इलेक्ट्रॉन जोडीदाराशिवाय फिरतात, त्यामुळे ते भोवतालच्या पाण्याच्या चुंबकीय वागणुकीवर जबरदस्त परिणाम करतं. फिजिक्सच्या माणसाला आवडावं असं मूलद्रव्य. पण सुटं गॅडोलिनियम विषारी. म्हणून त्याला एका मोठ्या रेणूच्या पिंजऱ्यात धरून टोचतात. १९८८ पासून असं औषध बाजारात आहे, आणि ते किडनीवाटे लघवीतून जातं.

पुढे या पिंजऱ्याला एक शेपूट जोडून गॅडॉक्सेटेट नावाचं औषध आलं. प्रिमोव्हिस्ट हे त्याचं व्यापारी नाव इथल्या रेडिऑलॉजी विभागांतही ऐकू येतं. या शेपटीमुळे निरोगी लिव्हरच्या पेशी त्याला ओळखतात आणि आत घेतात, आणि पुढे पित्तात सोडतात. टोचलेल्यापैकी जवळजवळ निम्मं या वाटेने जातं. वीस एक मिनिटांनी पुन्हा चित्र काढलं तर काम करणारं लिव्हर पांढरं उजळलेलं असतं आणि गाठ त्यात काळी, कडेसकट उठून दिसते. बहुतेक लिव्हर कॅन्सरच्या पेशींनी औषध आत घेणारं ते दार हरवलेलं असतं. थोड्या गाठी मात्र औषध आत घेतात आणि उजळ दिसतात, त्यामुळे एकाच चित्रावर रेघ ओढू नये. धमनीचं, पोर्टलचं आणि हे वीस मिनिटांचं, तिन्ही शेजारी ठेवून बघायची.

आणि आता माझं ते दुसरं कारण. वीस मिनिटांच्या त्या चित्रात गाठीपेक्षा मला बाकीचं लिव्हर जास्त बोलकं वाटतं. सिरॉसिस सगळीकडे सारखा नसतो. एखाद्या बाजूचं लिव्हर चांगलं पांढरं दिसतं, एखादी बाजू मळकट, औषध जेमतेम घेणारी. आमच्या जुन्या हिशेबात ७०० घन सेंटीमीटर म्हणजे ७०० घन सेंटीमीटर. त्यातला कोणता काम करतोय आणि कोणता नुसता जागा अडवून बसलाय, हे आम्ही विचारतच नव्हतो. हे चित्र ते सांगतं. किरण गाठीपर्यंत जायला कुठून तरी आत शिरणारच. मग ते मळकट बाजूने शिरू द्यावेत आणि पांढरी बाजू राखावी. मिशिगनमध्ये युए काओ आणि सहकाऱ्यांनी या दिशेने बरंच काम केलं आहे. त्याच विद्यापीठातला ९० रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला, त्यातली युक्ती मला फार आवडते. पाचपैकी तीन बैठकी द्यायच्या, महिनाभर थांबायचं, एका हिरव्या रंगद्रव्याची रक्तचाचणी करून लिव्हर किती सावरलंय ते मोजायचं, आणि मगच उरलेला डोस ठरवायचा. ती चाचणी रक्ताची होती, एमआरआयची नाही. पण विचार एकच: सगळ्यांना एक डोस नको, त्या माणसाच्या लिव्हरला विचारून डोस.

इथवर ऐकून वाटेल, की प्रिमोव्हिस्ट दिलं, एमआरआय काढला, काम झालं. खरी कसरत इथून सुरू होते, आणि ती जाहिरातींच्या चकचकीत पानांवर नसते.

पहिली अडचण श्वास. लिव्हर छाती आणि पोटामधल्या पडद्याला चिकटलेलं असल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर एक-दोन सेंटीमीटर खाली-वर जातं, काहींचं त्याहून जास्त. मघाचं अर्ध्या सेंटीमीटरचं गणित आठवा. मोत्यांसाठी दम धरून समुद्रात उतरणाऱ्यांच्या या बेटावर श्वास रोखण्याबद्दल मी काय सांगावं. पण इथे पंधरा-वीस सेकंदच रोखायचाय, आणि शक्यतो सोडल्यावर, कारण श्वास सोडल्यावर लिव्हर दर वेळी जवळजवळ त्याच जागी येऊन थांबतं. घेतल्यावर मात्र कधी इथे, कधी तिथे. त्यात प्रिमोव्हिस्टचा एक खोडसाळपणा आहे. काही रुग्णांना ते टोचल्यावर नेमक्या धमनीच्या त्या मोलाच्या सेकंदांत क्षणभर दम लागल्यासारखं होतं आणि चित्र हलतं. म्हणून रुग्णाची तालीम आधी घ्यायची असते, त्याला कळेल अशा भाषेत. आखातातल्या एमआरआय खोलीत टेक्नॉलॉजिस्ट मल्याळी किंवा फिलिपिनो असतो, रुग्ण सोलापूरचा किंवा सिल्हेटचा, आणि लाउडस्पीकरवरची सूचना इंग्रजीत. ‘श्वास सोडा, थांबा’ हे चार भाषांत लिहिलेलं एक कार्ड आत लावायला काही खर्च येत नाही.

दुसरी अडचण आमची, फिजिक्सवाल्यांची. एमआरआय कड उत्तम दाखवतो, पण किरण त्या शरीरात किती शोषले जातील हे त्यावरून थेट कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉनची घनता लागते आणि ती सीटी देतो. म्हणून दोन्ही काढायचे आणि एकावर एक बसवायचे. याला फ्यूजन म्हणतात. आता निदानासाठी काढलेला एमआरआय खोलगट गादीवर, हात खाली, श्वास आत घेऊन काढलेला असेल आणि उपचाराचा सीटी सपाट फळीवर, हात डोक्यावर, श्वास सोडून, तर ही दोन लिव्हरं एकमेकांवर बसणार कशी? सॉफ्टवेअर मणक्याची हाडं जुळवून हिरवी खूण दाखवतं. मणका जुळलेला असतो, लिव्हर सेंटीमीटरभर सरकलेलं असतं. हाड सोडून लिव्हरवर लिव्हर जुळवायचं, आणि त्यातही गाठीजवळच्या रक्तवाहिन्या जुळतात का ते डोळ्यांनी तपासायचं. किचकट, कंटाळवाणं काम आहे. उपचाराचं यश बऱ्याचदा तिथे ठरतं आणि त्याचं बिल वेगळं लावता येत नाही, म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नाही.

तिसरी अडचण रोजची. उपचाराच्या टेबलावर झोपल्यावर मशीन जो छोटा सीटी काढतं त्यात काँट्रास्ट नसतं, त्यामुळे गाठ पुन्हा अदृश्य. मग आडमार्गाने जायचं: आधीच सोन्याचे बारीक दाणे गाठीजवळ बसवलेले असतात, किंवा आधी धमनीवाटे दिलेल्या उपचारातलं लिपिओडॉल नावाचं तेल गाठीत उरलेलं असतं, त्यांच्या खुणेवर नेम धरायचा. यावर उत्तर म्हणून एमआरआय आणि किरणांचं मशीन एकाच कवचात बसवायची कल्पना आली. सेंट लुइसमध्ये २०१४ साली अशा मशीनवर पहिला उपचार झाला, त्यात तेव्हा कोबाल्ट होतं. नेदरलँड्सच्या उट्रेक्टमध्ये २०१७ साली दीड टेस्ला चुंबकाच्या एमआर-लिनॅकवर. तंत्र म्हणून थक्क करणारं आहे. पण पहिलं मशीन बनवणारी कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, हेही लक्षात ठेवा. मशीनचं नाव ऐकून रुग्णालय निवडू नका. प्रोटॉनचंही तसंच. खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेकमध्ये २०२३ पासून प्रोटॉन उपचार सुरू झाले; प्रोटॉन गाठीपलीकडे फारसे जात नाहीत, लिव्हर वाचवायला ते उपयोगी. पण प्रोटॉनलाही रेघ कुणीतरी आखूनच द्यावी लागते, आणि चुकीची रेघ ते जास्त निष्ठेने पाळतात.

मग या सगळ्याने माणूस जगतो का? आकडा सांगते, सुशोभित न करता. अमेरिका-कॅनडातल्या आरटीओजी १११२ या चाचणीत शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेले रुग्ण होते, बहुतेकांच्या रक्तवाहिन्यांत गाठ घुसलेली. निम्म्यांना सोराफेनिब ही गोळी, निम्म्यांना आधी पाच बैठकींचा एसबीआरटी आणि मग तीच गोळी. १७७ रुग्णांच्या विश्लेषणात गोळीवाल्यांचं मध्यक आयुष्य १२.३ महिने निघालं, किरण आणि गोळीवाल्यांचं १५.८. आजार वाढेपर्यंतचा काळ साडेपाच महिन्यांवरून नऊपर्यंत गेला. २०२५ मध्ये हे छापून आलं. चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण तोवर इम्युनोथेरपीची नवी औषधं आली होती आणि सोराफेनिब मागे पडलं होतं. त्यामुळे आयुष्याचा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने काठावरचा राहिला. साडेतीन महिने. ज्यांच्या घरी हा आजार आलाय त्यांना साडेतीन महिने म्हणजे काय हे मी सांगायची गरज नाही. लहान, एकच गाठ असलेल्या, पण शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रुग्णांत चित्र याहून बरंच चांगलं असतं. तिथे गाठ वर्षानुवर्षं दबून राहते. आणि ज्यांचं लिव्हर आधीच हातातून गेलंय, पोटात पाणी आणि कावीळ दोन्ही आहे, त्यांना किरण देऊ नयेत. तिथे कितीही सुंदर एमआरआय काढला तरी नाही.

गॅडोलिनियमच्या भीतीबद्दल विचारलं जातं, म्हणून थोडक्यात. २००६ मध्ये लक्षात आलं, की किडनी फार खराब असलेल्या काही रुग्णांची कातडी जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियममुळे दगडासारखी कडक होते. तेव्हापासून आधी किडनीसाठी क्रिएटिनिन बघतात. पुढे मेंदूत सूक्ष्म अंश साठतो असं दिसल्यावर युरोपच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये काही प्रकार बंद केले, गॅडॉक्सेटेट लिव्हरसाठी चालू ठेवलं. कारणाशिवाय घेऊ नये, कारण असताना घाबरू नये.

उपचारानंतरच्या पहिल्या एमआरआयबद्दल मात्र सावकाश सांगते, कारण तिथे लोक उगाच कोसळतात. तीन महिन्यांनी चित्र निघतं, रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं, की गाठ अजून धमनीच्या टप्प्यात उजळते आहे. घरचे समजतात, उपचार फसला. किरणांनी मेलेली गाठ ताबडतोब विझत नाही. कित्येक महिने, कधी वर्षभरही, ती थोडी उजळत राहू शकते आणि आकार तसाच ठेवून हळूहळू आक्रसते. अमेरिकन रेडिऑलॉजिस्टांच्या लायरॅड्स या पद्धतीत २०२४ मध्ये किरणोपचारानंतरच्या गाठींसाठी वेगळे निकष आले ते यासाठीच. उलट वीस मिनिटांच्या चित्रात गाठीभोवती एक नवा काळा पट्टा दिसतो, आणि तो बघून सगळे आणखी घाबरतात. तो पट्टा म्हणजे डोस जिथे खरोखर पोचला तिथल्या लिव्हरने काम थांबवल्याची खूण. आम्ही संगणकावर जी रेघ काढली होती तिच्याशी तो पट्टा ताडून पाहता येतो. आमच्या धंद्यात इतका प्रामाणिक हिशेबनीस दुसरा नाही. एखादी बाजू सुटली असेल तर तो तिथे गप्प बसत नाही. तेव्हा हा रिपोर्ट किरणोपचाराच्या डॉक्टरांनी वाचेपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. बहारीनमध्ये कॅन्सरचं केंद्र आहे, बुसैतीनच्या किंग हमाद विद्यापीठ रुग्णालयात. तरीही अनेक कुटुंबं निदान इथे आणि उपचार मुंबईत, अशी विभागणी करतात. घर तिकडे, भाषा तिकडे, खर्चही बहुधा कमी. काही हरकत नाही. पण जाताना बॅगेत फिल्मचा गठ्ठा आणि दोन ओळींचा रिपोर्ट एवढंच नेऊ नका. फिल्मवर तंत्रज्ञाने निवडलेली थोडी चित्रं असतात, फ्यूजन त्यावर होत नाही. सगळ्या टप्प्यांची पूर्ण डायकॉम, म्हणजे मूळ डिजिटल चित्रांची, सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागा, ती कुठल्यातरी दुसऱ्या संगणकावर उघडते का ते निघण्याआधी बघा. कोणतं काँट्रास्ट दिलं आणि किती वाजता दिलं, हे कागदावर लिहून घ्या. हेपटायटिसचे रिपोर्ट, आधी धमनीवाटे उपचार झाला असेल तर त्याची तारीख, क्रिएटिनिन, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, हे कागद एका फाइलमध्ये ठेवा. आणि मुंबईतल्या डॉक्टरांनी पुन्हा एमआरआय सांगितला तर पैसे उकळतायत असं लगेच म्हणू नका. तो सपाट फळीवर, हात वर ठेवून, श्वास सोडून काढायचा असतो. विचारायचंच असेल तर एवढं विचारा, की हा एमआरआय प्लॅनिंगच्या स्थितीतच काढणार ना, आणि सीटीबरोबर त्याच आठवड्यात ना. दोघांमध्ये महिना गेला तर गाठ वाढलेली असते, पोटात पाणी आलेलं असू शकतं, आणि जुळवायला दोन वेगळी पोटं हातात येतात.

प्रश्न असतील तर आता घेते. रिपोर्ट बरोबर आणले असतील त्यांनी खाली चहाच्या वेळी दाखवा. निदान सांगणं माझं काम नाही, पण सीडीत सगळे टप्पे आहेत की नाहीत ते मी पाहून देईन.